सोमावतीचा मुक्काम

सोमावतीचा पहिला अर्ज नामंजूर झाला तो ऊसतोडीमुळं. ती लंकेची. उदगीरजवळच्या रामकिशनच्या घरचे बोधगयेला दर्शनाला गेले, तिथं तिच्या घरच्यांशी ओळख झाली आणि सोयरीक जुळली. मराठी ती सासूकडून, नागुबाईकडून शिकली, त्यामुळं भांडताना दोघींत फरकच कळत नसे. नागरिकत्वासाठी अर्ज केला, तर उत्तर आलं: बाई नवऱ्याबरोबर कारखान्यावर होत्या, सबब गावातला मुक्काम सलग नाही.

पुढं दुष्काळ पडला. विहिरी कोरड्या झाल्या, गाव जनावरांसकट कारखान्याकडं निघालं. रामकिशननं बैलगाडी जुंपली.

"चल की."

"न्हाई. मुक्काम तुटंल माझा."

"अगं, प्यायला पाणी न्हाई इथं!"

"ते अर्जात विचारलं न्हाई."

रामकिशन डोक्याला हात लावून गेला. नागुबाईचे गुडघे धरलेले, म्हणून तीही मागं राहिली. किराणावाला बसलिंगप्पासुद्धा गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानाला कुलूप लावून बायकोसह लातूरला लेकीकडं गेला. सोमावती ओढ्यात झिरा उकरायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. रिकाम्या गल्लीतून येताना भीती वाटायची, मग ती मोठ्यानं गाणी म्हणायची.

त्यातच जिल्हा नवा झाला आणि जुने अर्ज पुन्हा तपासायला निघाले. एका दुपारी महसूल खात्याचे गिरदावर सिद्धलिंग सायकल ढकलत आले.

"बाई, इथं सलग राहता?"

"हाव."

"कोण सांगंल?"

"सासू."

"नात्यातलं चालत न्हाई. गावातले दोन साक्षीदार पाहिजेत."

"बघा सापडले तर."

गिरदावर खरंच बघायला गेले. चावडी पाहिली, देऊळ पाहिलं, कुलपं हलवून पाहिली. घाम पुसत परत आले.

"कुणीच न्हाई हो."

"म्हणूनच सांगते, मी एकटी राहिले!"

"तुम्ही राहिलात, बरोबर हाय. पण राहिलात हे बघायला कुणी राहिलं न्हाई ना."

त्यांनी लिहिलं: रहिवास सिद्ध होत नाही. सोमावतीनं तरी त्यांना अर्धा तांब्या पाणी दिलं. पाणी पिताना त्यांना दुसरं काम आठवलं. गावात वस्ती असली तर टँकर द्यायचा होता.

"इथं सही करा. गावच्या रहिवासी म्हणून."

"आता झाले मी रहिवासी?"

"पाण्यापुरत्या."

तांब्या त्यांच्या डोक्यात घालावा असं तिला वाटलं. पण ओसरीवर नागुबाई कोरडे ओठ चाटत बसली होती. सोमावतीनं सही केली.

टँकर आला. ड्रायव्हर म्हणे, भरलेला परत नेता येत नाही. दोन बायकांचं ते पाणी किती? सगळी भांडी भरून उरलेलं त्यानं आडात सोडलं. आडाला पाणी आलं ही बातमी कारखान्यावर गेली आणि बिऱ्हाडं परत येऊ लागली. आता साक्षीदारांना तोटा नव्हता. गिरदावर पुन्हा आले, तर अख्खं गाव चावडीपुढं.

"दुष्काळात बाई इथंच होत्या?"

"हाव!" गाव ओरडलं.

"कुणी बघितलं?"

बसलिंगप्पा खरं बोलणारा माणूस. तो म्हणाला, "साहेब, आम्ही इथं असतो तर बघितलं असतं."

अर्ज पुन्हा नामंजूर. सोमावती आडाजवळ जाऊन रडली. बसलिंगप्पाला रात्रभर चैन पडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी आटलं, गाव पुन्हा निघालं. बसलिंगप्पा आणि त्याची बायको रत्नम्मा मात्र मागं राहिले, नुसतं सोमावतीला बघायला. सकाळ झाली की दोघं तिच्या दारासमोर येऊन बसायची. ती झाडायची, दोघं बघायची. ती भाकरी थापायची, दोघं बघायची, मग खायचीही.

"आत्ती, किती बघता?" सोमावती लाजायची.

"साक्ष द्यायची हाय, पोरी. नीट बघायला नको?"

त्यांच्या साक्षीवर अर्ज मंजूर झाला. कागद आला तेव्हा रामकिशननं पेढे वाटले. रत्नम्मानं पेढा तोंडात टाकला आणि कंबर धरून विचारलं, "आता लेकीकडं जाऊ का आम्ही?"