मी जब्बारफळाचे झाड

मित्रांनो, मी एक जुने लक्ष्मणफळाचे झाड आहे. धुळ्याजवळच्या एका खेड्यात, यशोदाबाईच्या परसात उभे आहे. लक्ष्मणफळ हे नाव मला फार उशिरा कळले. गावात मला सगळे ‘जब्बारफळ’ म्हणायचे, आणि खरे सांगू का, मला तेच नाव आवडते.

जब्बारभाई ट्रक चालवायचे. दक्षिणेकडच्या एका खेपेहून त्यांनी हिरवे, बोथट काट्यांचे एक फळ आणले. त्यांची बायको हुस्नबानो आणि शेजारची यशोदाबाई या जिवाभावाच्या मैत्रिणी. दोघींनी ओट्यावर बसून ते फळ चाटूनपुसून खाल्ले आणि बी मोरीच्या पाण्याजवळ पुरले. त्यातून मी उगवले. आमच्याकडचे ऊन म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे. एका उन्हाळ्यात तर मी पार करपले होते. तेव्हा हुस्नबानोने ओल्या गोणपाटाची सावली केली, यशोदाबाईने धुण्याचे पाणी ओतले. अशा लाडात मी वाढले.

काय दिवस होते ते! फळ पिकून मऊ झाले की वासाने आळीतली पोरे गोळा व्हायची आणि आंबटगोड गर खाऊन बोटे चाटत बसायची. ईदला माझे सरबत व्हायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी माझ्या सावलीत गाणी म्हणायच्या. मी औषध आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. मी नुसते फळझाड होते आणि त्यात सुखी होते.

पुढे जब्बारभाई वारले. मग घरोघरी मोबाइल आले आणि कुणीतरी व्हिडिओ पाठवला, की लक्ष्मणफळाच्या पाल्याने कॅन्सर पळतो. झाले! पार नशिराबादेहून माणसे येऊ लागली. मी ‘कॅन्सरचे झाड’ झाले. सुरुवातीला मीही फुशारले, खोटे कशाला बोलू? पण पिशव्या भरभरून पाला गेला, कोवळ्या फांद्या मोडल्या, फुले टिकेनात. माझे फळ कसे दिसते, हे आताशा पोरेही विसरली.

त्याच सुमारास हुस्नबानोच्या छातीत गाठ लागली. यशोदाबाईनेच मोठ्या मायेने तिला माझ्या पाल्याचा काढा करून दिला. हुस्नबानोला दवाखान्याची धास्ती होती, तिला काढा बरा वाटला. “त्यासनी आणेल झाड शे हाई, मले दगा देवाव नही,” असे ती जब्बारभाईंच्या आठवणीने म्हणायची. गाठ मात्र वाढत होती. तिचा तो विश्वास ऐकून मला कानकोंडे व्हायचे.

यशोदाबाईची नात नूतन धुळ्याला फार्मसी शिकते. सुट्टीत आली तेव्हा ती म्हणाली, “आजी, या झाडातल्या काही द्रव्यांनी प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत ठेवलेल्या कॅन्सरच्या पेशी मरतात, हे खरं आहे. पण माणसाचा कॅन्सर त्यानं बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट फार प्यायलं तर नसांना अपाय होऊ शकतो.” यशोदाबाईच्या पायाखालची जमीन सरकली. दवाखान्यात चल म्हणून ती हुस्नबानोला रोज विनवू लागली. हुस्नबानो हसायची आणि पाला खुडायची.

एका सकाळी ती पाल्याला आली, तर यशोदाबाई कुऱ्हाड घेऊन माझ्यापाशी उभी.

“हाई झाड शे तवर तू दवाखानामा जावाव नही. मंग झाडच ठेवत नही मी!”

आणि तिने घाव घातला. मित्रांनो, मला वाढवणाऱ्या हाताचा तो घाव, फार लागला. तरी मनात म्हटले, बाई, घाल अजून एक. पण हुस्नबानोने धावत येऊन दांडा धरला.

“थांब व माय! मी जास. आजच जास. पण त्याले तोडू नको.”

दोघी माझ्या बुंध्याशी बसून पोटभर रडल्या आणि तशाच बसथांब्यावर गेल्या.

आता उपचार चालू आहेत. हुस्नबानोचे केस गेले आहेत, ओट्यापर्यंत चालतानाही ती दमते. डॉक्टर म्हणाले, आधी आली असती तर सोपे गेले असते. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. कुणी पाला मागायला आले की ते दवाखान्यात जाऊन आले आहे का, हे यशोदाबाई फाटकातच विचारते, “पहिले दवाखानामा जाई उनात का?”

मित्रांनो, माझ्यात काय काय दडले आहे ते शास्त्रज्ञांना सावकाश शोधू द्या. तोवर मला पाणी घाला, बी टाकून देऊन माझे फळ खा, पाला ओरबाडू नका. आणि कुणाला गाठ लागली, तर त्याचा हात धरून आधी दवाखान्यात न्या. माझ्या भरवशावर हुस्नबानोचे जे दिवस वाया गेले, ते मी कितीही फळले तरी तिला परत देऊ शकत नाही.