हार घातलेला कॉम्प्युटर

कसबा बावड्यातल्या त्या दोन खोल्यांच्या कंपनीत एका जुन्या कॉम्प्युटरचा मोठा मान होता. दूधसंस्थांच्या, दुधातलं फॅट मोजणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर तिथं तयार व्हायचं आणि त्याच्या चाचण्या फक्त त्या एका खोक्यावर चालायच्या. मशीनशी बोलणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, कुणीतरी त्यात कुठंशी ठेवून नोकरी सोडून गेलं होतं. मग काय, खंडेनवमीला त्याला हार आणि हळदकुंकू, एरवी हात लावायचा नाही. साहेबांचा, म्हणजे सयाजीदांचा, तसा दंडकच होता.

सोमवारी सकाळी वीज दोनदा आली-गेली आणि त्या मानकऱ्यानं राम म्हटला.

संध्याकाळी राधानगरीकडच्या संस्थांना नवं सॉफ्टवेअर जायचं होतं. "ऱ्हाऊ देत चाचण्या. तसंच पाठव," सयाजीदा म्हणाले.

हे सॉफ्टवेअर लिहिणारी मदिहा खुर्ची फिरवून त्यांच्याकडं वळली. मागं एकदा तिनं तसंच पाठवलं होतं, आणि तिकडच्याच एका संस्थेत दूध घालणाऱ्या धोंडुबाईंच्या दुधाला मशीननं शून्य फॅट दाखवलं होतं. भर रांगेत बाईंची शोभा झाली. "माझ्या म्हशी पाणी देत्यात व्हय गं?" त्या फोनवर कडाडल्या होत्या. पुन्हा ते ऐकायची मदिहाची तयारी नव्हती.

"चारपर्यंत थांबा. माझ्या लॅपटॉपवर चालवून दाखवतो," ती म्हणाली.

"एवढ्या वर्सात कुणाला जमलं न्हाय, तुला जमतंय व्हय? बघ बाई. चारच्या पुढं न्हाय."

लायब्ररी बॅकअपमध्ये सापडली. मदिहानं ती प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवली आणि सॉफ्टवेअरची बांधणी करणाऱ्या ग्रेडल नावाच्या प्रोग्रामला हुकूम देतानाच तिचा पत्ता सांगितला. लाल. चाचण्या नापास. लायब्ररी सापडत नाही म्हणे! डोळ्यांसमोर तर आहे! अक्षर न् अक्षर तपासलं, पुन्हा चालवलं. पुन्हा लाल. साडेतीन वाजले.

ऑफिसात चहा करणाऱ्या शालूबाईंनी कप आणून ठेवला. घोट घेताच मदिहा करवादली, "मावशी, बिनसाखरेचा सांगितलावता की!"

"मला कुठं सांगितलासा? गेटवर गणपतरावास्नी सांगितलासा. चहा मी करतो, गणपतराव न्हाय."

मदिहाचा कप हातातच राहिला. ग्रेडल तरी चाचण्या स्वतः कुठं चालवतो? त्यांच्यासाठी तो वेगळा प्रोग्राम सुरू करतो. पत्ता तिनं गेटवर सांगितला होता. आत कुणाच्या कानावर गेलाच नव्हता. तिनं बांधणीची फाइल उघडली आणि चाचण्यांच्या भागात एक ओळ लिहिली: चाचण्या चालवणाऱ्यानं लायब्ररी या फोल्डरात शोधावी.

हिरवं. हिरवं. हिरव्या ओळी भराभरा खाली उतरू लागल्या आणि मदिहा खुर्चीतून ओरडतच उठली. एकोणचाळीस हिरव्या, एक लाल. पण हे लाल खरं होतं: फॅट दहाच्या वर गेलं की सॉफ्टवेअर शून्य दाखवत होतं. तिनं चूक दुरुस्त केली. चारला पाच कमी असताना चाळीसच्या चाळीस हिरव्या झाल्या.

सयाजीदांनी प्रोजेक्टचं तेच फोल्डर आपल्या कॉम्प्युटरवर घेऊन चाचण्या चालवल्या. तिथंही हिरवं. ते उठले, जुन्या खोक्यावरचा वाळका हार काढला आणि म्हणाले, "आता कुणाला पुजायचं गं?"

"शालूमावशीस्नी," मदिहा म्हणाली. खोली हसून दणाणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. नाव बघून तिनं फोन कानापासून जरा लांबच धरला.

"पोरी," धोंडुबाई गावभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "दहा पॉइंट दोन लागलं बघ माझ्या म्हशीला! सगळ्या रांगेनं बघितलं!"