पहिलं नाव अध्यक्षांचं

मराठीला जागतिक व्यासपीठावर नेण्याचं ऐतिहासिक कार्य अकोल्यात शेवटच्या टप्प्यावर असताना दामिनी उठली आणि तिनं कुकरखालचा गॅस बंद केला. परत येऊन लॅपटॉप मांडीवर घेतला.

हे कार्य म्हणजे कॉम्प्युटरवरचा एक खेळ मराठीत आणणं; खेळ बेटांवर गावं वसवण्याचा होता. फुकट, आणि कुणीही हातभार लावावा असा. जगभरच्या हौशी लोकांनी तो आपापल्या भाषेत नेला होता. मराठीत दोन वर्षं एकटी दामिनीच नेत होती. आज भाषांतराच्या फायली कंपाइल करून, म्हणजे खेळात चालतील अशा रूपात आणून, पाठवायच्या होत्या.

"झालं काय खेळून?" सासरे नत्थुजींनी पेपरामागून विचारलं.

"खेळत नाही, मामाजी. मराठीत करून राहिली."

"दोन वर्सं? मंग तुयं नाव येईन त्याच्यात?"

"येईन."

"आलं का दाखवजो. लोकं विचारतेत, सून दुपारभर काय करते. मी काय सांगू?"

भाषांतर कुणी केलं ते खेळात दाखवणाऱ्या श्रेयाच्या चौकटीत तिनं आपलं नाव लिहिलं. तेवढ्यात अमरावतीहून श्यामचा फोन आला. तो अनुवादकांच्या गटाचा सचिव. त्यानं दोन शब्द सुचवले होते; त्यातला एक तिनं ठेवला होता.

"ताई, नावं टाकतानी सरांचं पहिले टाकजा."

"सरांनी काय केलं?"

"अध्यक्ष हायेत न."

"कशाचे?"

"आता ते काहून काढता? माह्या नावाची काही घाई नाही. दोन नंबरले चालन."

दामिनीनं दोन्ही नावं वर घातली. मग नत्थुजींकडे पाहिलं. घरातल्या मोठ्यांच्या वर सुनेचं नाव तिनं लग्नपत्रिकेतही कधी पाहिलं नव्हतं. 'आशीर्वाद' लिहून त्यांचंही नाव आपल्या वर घातलं. फायली एकही चूक न दाखवता कंपाइल झाल्या.

पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती आली. नत्थुजींनी चष्मा लावला, पडद्यावर बोट टेकवून वाचलं आणि शेजारच्या देवमनजींना हाक मारली.

"पाहा. माहं नाव. जगभर."

"तुमी बनोला गेम?"

"घरीच बनला," नत्थुजी म्हणाले. मग सुनेकडे वळले. "तुयं कुठी हाये मंग?"

"खाली हाये, मामाजी."

"असन."

आता दुपारी ती लॅपटॉप उघडते तेव्हा ते टीव्हीचा आवाज कमी करतात.

तिचं नाव चौथ्या ओळीत आहे. खेळाच्या चौकटीत तीनच ओळी मावतात.