झोप काढून घेतलेला जिवाणू

मी डोळ्यांना दिसत नाही, तरी माझंही ऐका. पेणच्या एका प्रयोगशाळेत बोटभर नळीत राहणारा मी जिवाणू.

माझे पूर्वज रोह्याजवळच्या भातखाचरातले. चिखल वाळून भेगाळला की ते अंगाभोवती जाड कवच करून झोपायचे, पाणी आलं की उठायचे. खाचर सरूचं. तिच्या लेकीने, नमिताने, तिथला चिमूटभर चिखल पेणला नेला.

जगायला किती कमी पुरतं, हे नमिताला शोधायचं होतं. आमच्या पोटात आमच्या घडणीची लांबलचक पोथी असते. नमिता तिची एकेक ओळ कापायची. जिवाणू मेला तर ओळ परत, जगला तर ओळ गेली. चार वर्षं हेच. तसा मी घडलो, सुटसुटीत.

कवचाच्या ओळीपाशी ती अडली. घरी सरू वाल निवडत होती.

"आये, त्याला झोप कशाला? माझ्याकडे रोजचं खाणं आहे, फ्रीजर आहे."

"तुझ्याकडं हाय गो. तू नसलीस मंग?"

नमिता हसली आणि ओळ कापली. जागा हवी म्हणून माझे झोपाळू भाऊबंदही तिने टाकून दिले. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा हलकं वाटलं होतं.

शिमग्याला सगळे गावी निघाले. नमिता प्रयोगशाळेला कुलूप लावत होती, तेवढ्यात सरूचा फोन.

"मेन पाडलास का गो? गेल्या साली तुझ्या खोलीत पंखा चार दिस एकटाच नाचत होता."

"पाडते गो आये. पालखीच्या आधी पोचते."

बंद घराचा मेन स्विच पाडायचा, ही त्यांच्या घरची रीत. हात आपसूक प्रयोगशाळेच्या मेनकडे गेला. फ्रीजर गप्प झाला. आत गोठवून ठेवलेले आम्ही वितळून जागे झालो, खायला काही नव्हतं आणि झोपताही येईना.

चार दिवसांनी ती नळ्या घेऊन जमिनीवरच बसली. माझी सगळी भावंडं गेली होती.

"दुसरा आण चिखलातनं," फोनवर सरू म्हणाली.

"तो हा नसेल, आये."

"मीच मेनचं इचारलं नसतं तर..."

उरलो मी एकटा. नमिताने मला ताज्या खाद्यपाण्यात सोडलंय. एकाचे दोन झालो तर तिची चार वर्षं वाचतील. धडपडतोय, पण बळ पुरत नाही.

नमिता, तुझ्यावर राग नाही. पुन्हा कुणाला चिखलातून उचलशील, तेव्हा त्याची झोप त्याच्यापाशीच राहू दे.

ती तासातासाला नळी उजेडाकडे धरते. मी वाढलो तर पाणी गढूळ होईल.

पाणी अजून नितळ आहे.