प्रमुख पाहुणे येईपर्यंत

माइक माझ्या हातात होता, त्यामुळे नमनाला घडाभर तेल घालण्याचं पापही माझ्याच माथी. स्वागतगीत झालं, प्रास्ताविक झालं. दीपप्रज्वलन तेवढं राहिलं होतं, कारण ते प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते होणार होतं आणि पाहुणे भांडुपला पाण्यात अडकले होते. पुरात शेजाऱ्यांना वाचवणाऱ्यांचा सत्कार करायला निघालेला माणूस स्वतःच पाण्यात अडकतो, याचं हसू मला एकटीलाच आलं. मी ते गिळलं.

मुलुंडमधली आमची सोसायटी आणि मागच्या नाल्यापलीकडची बैठी घरं यांच्यामध्ये एक अरुंद पूल आहे. गेल्या वर्षी नाला फुगला तेव्हा दोन्हीकडे पाणी शिरलं. पलीकडच्या किरणने आधी आपल्या आईला माळ्यावर चढवलं आणि मग तो आणि त्याची बायको चेतना दोर घेऊन आमच्याकडे आले. किरण लिफ्ट दुरुस्त करतो, चेतना रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. आमच्या तळमजल्यावरच्या घरात माझ्या सासूबाई छातीभर पाण्यात खिडकीचे गज धरून उभ्या होत्या. मी ऑफिसात वेड्यासारखी फोन लावत बसले होते. किरणने त्यांना पाठीवर घेऊन जिन्यात आणलं. आज त्या जिवंत आहेत त्या त्याच्यामुळे, म्हणून हा कार्यक्रम मी हट्टाने घडवून आणला होता.

सभागृह पहिल्या मजल्यावर. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या. पार्किंगच्या पत्र्यावर मात्र असा मारा चालला होता की मला माइकवरसुद्धा ओरडावं लागत होतं. पहिल्या रांगेत किरण कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात ताठ बसला होता. शेजारी चेतनाची चुळबुळ चालली होती. ती दोनदा उठली आणि दोन्ही वेळा सेक्रेटरी अनंतकाकांनी तिला बसवलं.

"अहो, मधूनच उठलं तर बरं नाही दिसत. पाच मिनिटं, आलेच पाहुणे."

मला राहवलं नाही. मी खाली उतरून तिच्यापाशी गेले. "काय झालं गं?"

"ताई, आई एकट्या आहेत घरात. खुब्याचं हाड मोडल्यापासून बिछान्यातच आहेत, माळ्यावर कशा चढणार? शेजारची शकु बघते म्हणाली, पण हा पाऊस बघा ना."

"आईनेच बजावलंय," किरण खालच्या आवाजात म्हणाला. "मोठी माणसं बोलावतायत, मधून उठून त्यांचा अपमान करायचा नाही."

"मग शकुला फोन लाव की!"

"तुम्हीच सांगितलंत ना, मोबाइल बंद ठेवा म्हणून." चेतनाच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याने मला जास्तच लागलं.

"लाव आधी!"

तिने मोबाइल चालू केला. तो सुरू व्हायला लागलेला वेळ मी जन्मात विसरणार नाही. मग शकुच्या मिस्ड कॉलचे मेसेज एकामागून एक येऊन पडले. शेवटी तिचा आवाज, रडवेला. "चेतना, पाणी आत आलंय गं! आजी मला एकटीला उचलत नाहीत. ये ना लवकर!"

किरण उठला तो थेट स्टेजवर. तिथे टेबलावर गेल्या वर्षीचा तोच दोर हार घालून मांडला होता. त्याने हार ओरबाडून काढला.

"अरे अरे, फोटो व्हायचाय त्याचा!" अनंतकाका म्हणाले.

"काका, तुम्ही गप्प बसा!" मी माइकवरच ओरडले. "सगळे खाली चला. आत्ता!"

क्षणभर कुणी हललं नाही. अशी चीड आली मला त्या मख्ख चेहऱ्यांची! मग माझा नवरा निहार उठला, आणि मागोमाग खुर्च्या सरकायला लागल्या.

पूल दिसतच नव्हता. पाण्यावर फक्त त्याचे कठडे. किरणने दोराचं एक टोक कमरेला बांधलं, दुसरं आम्ही धरलं. निहार पुढे, मागे मी, माझ्यामागे जमतील तेवढे लोक. कठडा धरून तो पलीकडे गेला आणि समोरच्याच दारातून आत शिरला. शकु माळ्याच्या खिडकीतून ओरडत होती, पण पावसात तिचे शब्द कळत नव्हते.

दोर ताणलेला होता. मग एकाएकी सैल पडला.

"किरण!" चेतनाने हाक मारली. तिने पुन्हा हाक मारली, तेव्हा तिचा आवाज फाटला. निहार पाण्यात पाऊल टाकायला निघाला तशी ती त्याच्यावर खेकसली, "दोर सोडू नका!" किरणला नाहीतर त्याच्या आईला काही झालं तर कुठल्या तोंडाने जगायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दोराला हिसका बसला. दारात किरण दिसला. पाठीवर आई, साडीने घट्ट बांधलेली. पुलाच्या मधोमध त्याचा पाय सरकला आणि दोघं गळ्यापर्यंत बुडाली. आम्ही ओढलं. अनंतकाकाही ओढत होते, त्यांचा चष्मा कधीच वाहून गेला होता.

किरणच्या आईला, रुक्मिणीबाईंना, आमच्या जिन्यात आडवं केलं. ओठ काळेनिळे पडलेले. चेतना नाडी बघत, तळवे चोळत हाका मारत राहिली. बऱ्याच वेळाने बाईंनी डोळे उघडले. समोर किरण, चिखलाने माखलेला, शर्टाची बाही फाटलेली.

"झाला का सत्कार?"

"नाही आई."

"मंग मधूनच उठून आलास?" त्यांचे दात वाजत होते. "लोकं काय म्हनतील रं? जा, बस जाऊन. मी हाय हितं."

आणि किरण, इतका दमलेला, खरंच उठायला लागला. मी त्याला दोन्ही खांद्यांना धरून खाली बसवलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने रडले.