सतरापर्यंत

माझ्या जावेला टाळ्या मिळतात तेव्हा मी तिच्यापासून सहा पावलांवर असते. डाव्या विंगेत, काळ्या पडद्याच्या आड, परवापरवापर्यंत डुगडुगणाऱ्या एका स्टुलावर. मांडीवर नाटकाची वही, हातात पेन्सिल, शेजारी कागद गुंडाळलेला छोटा दिवा. मी प्रॉम्प्टर आहे. कोणी अडकलं की पुढचं वाक्य हळूच पुरवायचं, एवढंच माझं काम. टाळ्या ऐकू येतात, पण त्या माझ्या नसतात, आणि हे मला अजून पचलेलं नाही. उगाच मोठ्या मनाचा आव कशाला आणू?

या नाटकातली आई अकरा वर्षं मीच होते. ही नाटकमंडळी माझ्या नवऱ्याने उभी केली. तो गेला आणि कारभार धाकट्या दिराकडे, म्हणजे भाऊजींकडे आला. दोन महिने जेमतेम झाले असतील, एका तालमीआधी भाऊजी खुर्ची ओढून माझ्यापुढे बसले.

"वहिनी, तुम्हाला अख्खं नाटक तोंडपाठ. तुमच्याइतका चांगला प्रॉम्प्टर आम्हाला कुठे मिळणार?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. आई झाली त्यांची बायको. सगळे तिला मॅडम म्हणतात. मी मनातल्या मनात महाराणी म्हणते.

महाराणीला पॉझ घ्यायची भारी हौस. तिसऱ्या अंकात वर्षानुवर्षं बेपत्ता असलेला मुलगा परत येतो आणि सांगतो, "आई, मी घर विकून टाकलं." त्यावर आईचं वाक्य आहे, "कोणाला विचारून?" मी ते लगेच म्हणायचे, भाजी निवडता निवडता म्हणावं तसं, आणि थिएटरात कोणी खोकत नसे. महाराणी आधी चार आकडे मोजेपर्यंत थांबते. पहिल्याच महिन्यात मला वाटलं ती अडकली, म्हणून मी वाक्य पुरवलं. प्रयोग संपल्यावर मेकअपरूममध्ये, पडदा ओढणाऱ्यापासून लाइटवाल्यापर्यंत सगळ्यांच्या देखत, तिने माझी बिनपाण्याने केली.

"ताई, पॉझ आणि ब्लँक यातला फरक तुम्हाला कळत नाही? यापुढे मी डावा हात कानाला लावला तरच बोलायचं. नाही लावला, तर छप्पर कोसळलं तरी गप्प बसायचं."

तो मंडळीचा नियम झाला. मी तो वहीच्या पहिल्या पानावर तारखेनिशी लिहून ठेवला. तिचा प्रत्येक पॉझ मोजून समासात आकडा टाकायचं कामही मी तेव्हापासून स्वतःच्या मागे लावून घेतलं. चार, चार, पाच, चार. पुन्हा कोणी मला फरक शिकवायला नको.

गेल्या महिन्यात भाऊजींनी एक डबी आणली. तिच्यात वाटाण्याएवढं यंत्र होतं. ते कानात घालायचं, मागच्या खोलीतून कोणीही बोललं की नटाला ऐकू येतं.

"पुढच्या महिन्यापासून तुम्हाला त्रास नाही, वहिनी. आता आराम करा."

आराम! माझा मुलगा परदेशात, नवरा भिंतीवर. घरी बसून मी काय पंख्याला वाक्यं पुरवू? ते डुगडुगणारं स्टूल सोडलं तर या रंगभूमीवर माझी म्हणून एक जागा उरली नव्हती, आणि तेही माझ्या खालून ओढून घेत होते.

त्याच सुमारास एक बडा निर्माता आमचा प्रयोग बघायला येणार असं ठरलं. त्याला आवडलं तर मोठ्या थिएटरात चाळीस प्रयोग. भाऊजींच्या अंगात संचारलं. खुर्चीत बसलेली आई जुनाट दिसते म्हणाले, आणि तिसऱ्या अंकात महाराणीला उभी केली, दोन्ही हातांत कपबशांनी भरलेला मोठा ट्रे देऊन. तालीम झकास झाली. सगळे खूश.

ट्रे दोन्ही हातांनी धरल्यावर कानाला हात कोण लावणार, हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. भाऊजींच्या नाही, लाइटवाल्याच्या नाही, आणि जिने नियम केला तिच्या तर नाहीच. माझ्या मात्र दुसऱ्याच तालमीत आलं. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी मिठाची गुळणी धरली.

प्रयोग दुपारी चारचा होता. निर्माता पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत. दोन अंक सुरळीत गेले. तिसऱ्यात मुलगा आला, महाराणी ट्रे घेऊन आली, मुलगा म्हणाला, "आई, मी घर विकून टाकलं."

मी मोजायला लागले. चार झाले. पाच. सहाला कपबशा किणकिणल्या. तिने मुलाकडे बघितलं, मग ट्रेकडे, मग मान न हलवता डोळे फक्त विंगेकडे वळवले. तीस वर्षं या धंद्यात काढली आहेत मी. पॉझमधले डोळे वेगळे आणि ब्लँकमधले वेगळे. ती ठार कोरी झाली होती.

वाक्य माझ्या जिभेवर होतं. अकरा वर्षं तिथेच तर होतं. नऊ. दहा. तिचे ओठ नुसतेच हलले. समोरचा मुलगा घामाघूम झाला. पलीकडच्या विंगेतून भाऊजी माझ्याकडे बघून हातवारे करत होते. मी वहीचं पहिलं पान उलटून नियमावर बोट ठेवलं. बरं वाटलं का? हो, वाटलं. खोटं कशाला बोलू?

पंधरा. सोळा. सतराला ती वाकली, ट्रे सावकाश जमिनीवर ठेवला, सरळ झाली आणि डावा हात कानाला लावला.

आता नियम माझ्याही गळ्यात होता. "कोणाला विचारून?" मी कुजबुजले.

"कोणाला विचारून?" ती म्हणाली. आवाज फाटलेला, खराखुरा. आणि टाळ्यांनी थिएटर दणाणलं. लोकांना वाटलं, हातातलं ओझंही आईला पेलवेना, मुलाचं बोलणंही ऐकवेना, म्हणून तिने कान झाकला. मागे कोणीतरी हुंदका दिला. निर्माता उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी समासात सतरा लिहिलं. मी तिला खड्ड्यात ढकलायला गेले आणि लोकांनी तिला थेट डोक्यावर घेतलं होतं.

मेकअपरूममध्ये निर्माता म्हणाला, "ती शांतता! ती जशीच्या तशी पाहिजे. त्याशिवाय नाटक घेणार नाही."

"कितीतरी दिवस मनात होतं," महाराणी म्हणाली. आरशातून माझ्याकडे बघत तिने गालावरचा रंग पुसला.

तो गेला. बाकीचेही पांगले. मग ती वळली.

"मी अडकलेय हे तुम्हाला कळलं होतं."

"कानाला हात नव्हता."

"हात रिकामा होता का माझा?"

"ते दिग्दर्शकांना विचार. तुझेच यजमान आहेत."

"नीच आहात तुम्ही, ताई."

"असेन," मी म्हटलं. "पण नियम तुझाच."

पुढच्या आठवड्यात निर्मात्यासमोर तालीम झाली. महाराणी सहालाच वाकली. निर्मात्याने नकारार्थी मान हलवली. पुन्हा केलं, नऊ. पुन्हा, बावीस. स्वतः मोजायला गेली तर ओठांवर आकडे दिसायला लागले. कानात यंत्र घालून भाऊजी मागच्या खोलीतून मोजत बसले, तर ती दुसऱ्या खोलीतल्या आवाजाकडे कान देणाऱ्या बाईसारखी दिसायला लागली. निर्मात्याने घड्याळ बघितलं. भाऊजींचा चेहरा उतरला. शेवटी ते माझ्या स्टुलापाशी आले.

"वहिनी, त्या दिवशी नक्की किती होतं?"

मी वही उघडून आकडा दाखवला. मग नवीन खूण ठरली. मी सतरापर्यंत मोजायचं आणि पेन्सिल वर करायची. पेन्सिल दिसली की तिने वाकायचं. पहिल्याच खेपेला बरोबर जमलं, कारण मी पेन्सिल वर करेपर्यंत तिला खरोखरच कळत नव्हतं, मी करणार की नाही. चेहऱ्यावर ते दिसलं. निर्माता म्हणाला, "हेच!" भाऊजींनी डबी खिशात टाकली. माझं स्टूल राहिलं. मंडळीने त्याचे पायसुद्धा ठीक करून दिले.

महाराणी माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही.

आज चाळीसातला पहिला प्रयोग आहे. थिएटर खच्चून भरलंय. मुलगा आत्ताच म्हणाला, "आई, मी घर विकून टाकलं." ट्रे तिच्या दोन्ही हातांत आहे आणि तिचे डोळे माझ्या पेन्सिलीवर आहेत. कपबशा किणकिणतायत. अख्खं थिएटर श्वास रोखून बसलंय, आणि अकरा वर्षांत माझ्याकडे कधी असं कोणी बघितलं नव्हतं, जसं ती आत्ता बघतेय.

पंधरा. सोळा. सतरा.

अठरा.

पेन्सिल अजून माझ्या मांडीवर आहे.