हत्यारांच्या रांगेतला पेन ड्राइव्ह

मित्रांनो, तुमच्या बोटाएवढा, काळ्या प्लास्टिकचा, एका कोपऱ्याला पिवळा डाग असलेला मी एक जुना पेन ड्राइव्ह आहे. माझ्या अंगावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला आठवत नाही आणि मी त्याची फारशी चौकशीही केलेली नाही. मी औराद तालुक्यातल्या गुंडाप्पांच्या घरचा, एवढी ओळख मला पुरते.

हे घर पूर्वी मेंढरांमागे फिरणारं. आता गुंडाप्पा थोडी शेती करतात, उरलेल्या दिवसांत मजुरीला जातात. कोपऱ्यात चार मेंढ्या आणि लोकर कातरायची मोठी कातर तेवढी राहिली आहे. थोरला मुलगा सुनीलकुमार कामासाठी हैदराबादला गेला. सन २००९च्या नागपंचमीला तो गावी आला तेव्हा तिथल्या फुटपाथवरून मला घेऊन आला. "घे मने, तुझ्या कंप्युटरच्या अभ्यासाला," म्हणून त्यानं मला धाकट्या बहिणीच्या, मनीषाच्या, हातावर ठेवलं.

मनीषा नौबादच्या कॉलेजात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. घरात कुणी दहावीही पुरी केलेली नव्हती. ती पास झाली तर या घरातली पहिली पदवीधर ठरणार होती. तिच्या गिरिधर सरांनी प्रकल्प दिला होता : आपल्या घरात चालत आलेलं एखादं ज्ञान लिहून काढा. मनीषानं आईला, म्हणजे कोंडाबाईंना, विचारायला सुरुवात केली. मेंढीचं पोट फुगलं तर काय करायचं, खूर सडला तर काय बांधायचं, कोकरू दूध ओढत नसेल तर कसं पाजायचं. कोंडाबाई भाकरी थापता थापता सांगायच्या. मनीषा ते वहीत न लिहिता डोक्यात ठेवायची, औरादला भीमसेनच्या कंप्युटर सेंटरवर जाऊन टाइप करायची आणि माझ्यात भरायची.

भीमसेनला मी पहिल्या दिवसापासून आवडलो नाही. मला चिमटीत धरून तो म्हणाला, "अक्का, ह्येचा भरवसा धरू नको. चायना माल हाय. चार दिसांत डोळे मिटंल."

मला फार राग आला. पण माझ्यासारख्यानं राग दाखवायचा तरी कसा? मी फक्त माझा इवलासा दिवा लुकलुकवला आणि कामाला लागलो. पहिल्याच आठवड्यात माझं टोपण बसमध्ये हरवलं. मनीषानं मला काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं. घाईत ती मला हमखास उलटा खुपसायची, मग सुलटा. पण काढताना मात्र कंप्युटरला आधी सांगूनच काढायची. असा हात मिळायला नशीब लागतं. पुढं भीमसेनच्या कंप्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि त्याला सगळं पुसून टाकावं लागलं. मनीषाची तिथली फाइलही गेली. उरली ती एकट्या माझ्यात. एकेचाळीस उपाय, एकही अक्षर न सांडता! सांगा, छाती फुगणार नाही का?

दसऱ्यानंतरच्या बुधवारी प्रकल्प द्यायचा होता. त्याआधीच्या रविवारी खंडेनवमी आली. आमच्या भागात त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन पुजतात. मनीषा सकाळी झेंडूची फुलं आणायला गेली. मी खुंटीवर लटकलो होतो. कोंडाबाईंनी विळा, खुरपं, कुऱ्हाड आणि कातर राखेनं घासून बादलीत बुडवली. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी मला दोऱ्यासकट काढलं, राख लावली आणि बादलीत घातलं.

मित्रांनो, घाबरलो का? खूप घाबरलो. पाणी माझ्या पोटात शिरलं. पण बाहेर काढून त्यांनी मला पाटावर कातरीच्या शेजारी ठेवलं, तोंडाला ओली हळद लावली, वर कुंकू लावलं. स्वस्तातला म्हणून ज्याला भीमसेननं नावं ठेवली त्याच्यापुढं त्या बाईनं हात जोडले.

मनीषा आली, तिनं पाट बघितला आणि तिच्या हातातली फुलं खाली पडली.

"आई! ह्ये काय केलीस? माझं सगळं ह्येच्यात हुतं! तुला काय कळतंय का न्हाई?"

कोंडाबाई गोंधळल्या. "सगळ्या हत्याराची पूजा हाय माय. तुझं हत्यार ह्येच न्हवं? ह्येलाच कामून सोडू?"

मनीषानं मला पाटावरून उचललं. ती रडत बसली. कोंडाबाईंनी त्या दिवशी पुरणाची पोळी ताटात तशीच ठेवली. शेवटी गुंडाप्पा म्हणाले, "रडून काय व्हतंय? तुरीच्या डाळीत पुरून ठेव. माझा भिजलेला रेडू तसाच बोलाय लागला हुता."

सणामुळं बंद असलेलं भीमसेनचं सेंटर मंगळवारी उघडणार होतं. मी डाळीच्या डब्यात गेलो. झाकण लागलं आणि थोड्या वेळानं बाहेरून कोंडाबाईंचा आवाज आला.

"वही काढ. म्या पुन्यांदा सांगते."

"सगळं?"

"व्हय, सगळं. म्या कुटं भिजलेय?"

दोन दिवस त्या शेंगा निवडत सांगत होत्या आणि मनीषा लिहीत होती. मी डाळीत पडून ऐकत होतो. मला वाटलं होतं, हे सगळं फक्त माझ्यात आहे. मी तर साधी नक्कल होतो. मूळ प्रत डब्याबाहेर बसून शेंगा निवडत होती. हे कळल्यावर मला थोडी लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी भीमसेननं कोरड्या ब्रशनं माझ्या तोंडातली हळद काढली. "गेला आसंल," असं पुटपुटत त्यानं मला लावलं. मी सगळा जीव एकवटला. दिवा लुकलुकला. फाइल उघडली. एकेचाळीसच्या एकेचाळीस उपाय जागच्या जागी! भीमसेन खुर्चीतून उठला. "आयला, पक्का निघाला की ह्यो!"

मनीषानं वही शेजारी ठेवून मोजलं. वहीत पन्नास उपाय होते. पहिल्या वेळी विसरलेले नऊ कोंडाबाईंना दुसऱ्या वेळी आठवले होते. तिनं तिथंच बसून ते नऊ माझ्यात भरले, अगदी वर "सांगणार : कोंडाबाई गुंडाप्पा" असं लिहिलं, आणि घरी येऊन आईच्या पायाशी बसली.

"आई, चुकलं माझं."

"ऱ्हाऊ दे ते. ह्यानं सांभाळलं का न्हाई?"

"सांभाळलं."

"मंग हत्यार चांगलं हाय," कोंडाबाई म्हणाल्या आणि त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. मनीषा पुढं पास झाली, पण माझा निकाल त्याच दिवशी लागला होता.

आता मनीषाकडे माझ्याहून आठपट मोठ्या पोटाचा पेन ड्राइव्ह आहे आणि मला कुणी कंप्युटरला लावत नाही. तरी दर खंडेनवमीला मी पाटावर असतो, कातरीच्या शेजारी. कोंडाबाई आता मला बुडवत नाहीत, पदरानं पुसतात आणि कोरडं कुंकू लावतात.

मित्रांनो, कामाच्या गोष्टीची दुसरी प्रत जरूर ठेवा. आणि पहिली प्रत ज्या माणसाजवळ आहे, त्याला आजच जाऊन विचारा, विसरलेले नऊ उपाय तिथंच सापडतील. माझं स्वतःचं मागणं लहान आहे. भीमसेनचा ब्रश पोचला नाही अशा एका कोपऱ्यात त्या दिवशीची हळद अजून आहे. ती तेवढी पुसू नका.